सेलूमाची मेणबत्ती

बाळाच्या सातव्या दिवशी नदीकाठच्या रशीद गावातल्या त्या घरात सकाळपासून बायकांची गडबड होती. बाळाची आई विजदान. तिची सासू इन्साफ हिने रिवाजाप्रमाणे नातीला चाळणीत ठेवून हलवलं, तिच्या कानाशी पितळी खलबत्ता बडवला आणि दरडावलं, "आईचं ऐकायचं, बापाचं मुळीच नाही!"

"मी काय घोडं मारलंय तुमचं?" बाळाचा बाप शुक्री म्हणाला. बायका खदखदून हसल्या.

मग एकाच खोक्यातल्या तीन सारख्या मेणबत्त्या लागल्या. प्रत्येकीला एक नाव. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव मुलीला. विजदानने सुचवलेलं रबाब, शुक्रीचं सुहैर, आणि तिसरं सेलूमा. ते गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांच्या वहीतलं. वहबी मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे आणि घरी स्वतःची एक भाषा रचत बसायचे. ती बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. विजदान औषधांच्या दुकानात कामाला होती. तिला या खुळाचं हसू यायचं.

सुहैर लवकर विझली. रबाब अर्ध्यावर आली. सेलूमा मात्र होती तेवढीच होती, आणि बाळ तिच्याकडे टक लावून बघत होतं. सात दिवसांच्या मुलाला इतक्या लांबचं दिसत नाही, हे विजदानला पक्कं ठाऊक होतं.

"मेण चांगलं असेल गं पोरी," सासू म्हणाली.

शुक्रीने वडिलांची वही आणली. "ऐका. से म्हणजे नदी. लूमा म्हणजे सूर्य बुडाल्यावर पाण्यावर रेंगाळणारा उजेड."

"अगंबाई, किती गोड!" शेजारीण म्हणाली.

विजदानने वही हातात घेतली. प्रत्येक शब्दापुढे अर्थ होता, आणि उगमाच्या रकान्यात एकच शब्द: 'रचला'. फक्त सेलूमापुढे 'ऐकला' होतं. तारीख वीस वर्षांपूर्वीची. खाली मास्तरांचं नेटकं अक्षर.

'नदीच्या धक्क्याच्या पायरीवर मुलगी. वय नऊ. कपडे चिंब, ऊन असूनही वाळत नाहीत. नाव विचारलं, हे सांगितलं. डोळे आमच्या घरचे.'

"काय झालं गं?" सासूने विचारलं.

"काही नाही, आई. मुघातचं गरम पेय ओता ना सगळ्यांना."

सगळ्या पेल्यांकडे वळल्या. कुणी बघत नाहीसं पाहून विजदानने सेलूमाची ज्योत चिमटीत धरली.

चटका बसला नाही. वात ओली होती. बोटांना नदीच्या गाळाचा वास आला.

बाळ जन्मल्यापासून पहिल्यांदाच इतकं मोठ्याने रडलं.

"रबाब जिंकली!" सासू ओरडली.

दुसऱ्या दिवशी शुक्री नाव नोंदवून आला. दाखल्यावर रबाब वाचून विजदानचा जीव भांड्यात पडला. आता ते पान घरात नको, म्हणून ती फाडायला बसली.

मागच्या बाजूलाही चार ओळी होत्या. तीच फिकट, जुनी शाई.

'घरी काय म्हणतात, विचारलं.

रबाब, म्हणाली.

आईने माझी मेणबत्ती विझवली, म्हणाली.

कुणी बघत नव्हतं तेव्हा.'