सतरा नंबरचा सभासद

वकिलाची नोटीस आली तेव्हा धनाजी चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून पाळी संपवून खोलीवर परतला होता. शुक्रवार पेठेतल्या अभ्यासिकेची दहा महिन्यांची वर्गणी थकली होती. स्पर्धा परीक्षेसाठी त्यानं तिथं वर्षाच्या करारावर सही केली होती. दोन महिने बसला, मग नोकरी लागली आणि जाणं सुटलं. सोडल्याचं कळवायचंही राहून गेलं.

ओळखीतल्या दिपालीताई वकील होत्या. त्यांनी करार वाचला आणि स्पष्टच सांगितलं, सही केली म्हणजे वर्गणी लागू. आपण गेलोच नाही, ही सबब चालत नाही. एकच वाट होती. मधल्या काळात त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली असेल, तर एका खुर्चीचे पैसे दोघांकडून घेता येणार नाहीत.

"आधी तिथं कोण बसतंय ते बघून या," त्या म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो गेला. पंख्यांची घरघर, खाली घातलेल्या माना, कोंदट उकाडा. सतरा नंबरच्या टेबलावर पुस्तकं पसरली होती, खुर्चीच्या पाठीवर नॅपकिन वाळत होता. धनाजीला हायसं वाटलं. ही जागा कुणाला दिली, असं त्यानं मालकांना, चनमल्लप्पांना विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाला देणार? तुमीच बसताय की रोज. बसा, पण पैशाचं तेवढं बघा."

चेष्टा असेल असं त्याला वाटलं. दहा महिन्यांत पायरीसुद्धा चढलो नाही, असं तो म्हणाला. चनमल्लप्पांनी हजेरीचं रजिस्टर पुढं सरकवलं. पानोपान त्याची सही होती. ज्या वेळेला तो मशीनवर उभा होता, त्याच वेळेची.

तो टेबलाशी गेला. वही त्याचीच होती. गेल्या जूनमध्ये एक वाक्य अर्धवट टाकून तो उठला होता, ते त्याला पक्कं आठवत होतं. ते वाक्य पूर्ण झालं होतं. पुढं शंभरेक पानं भरली होती, त्याच वळणाच्या अक्षरात. त्याला कधीच न सुटलेली गणितं सुटली होती.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर केली. "धनाजीदादा, सकाळीच गावाला निघालात ना? आणि शर्ट कधी बदललात?"

वही मिटून तो मालकांकडे परतला.

सगळी थकबाकी आत्ता भरतो, सभासदत्व आजच रद्द करा, असं त्यानं चनमल्लप्पांना सांगितलं. अर्ज भरून सही केली. त्यांनी ती करारावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि अर्ज परत दिला.

"जुळत न्हाय. सभासदाचीच सही लागते."

त्यानं पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. जुळली नाही.

रस्त्यावर येऊन त्यानं सांगोल्याला घरी फोन लावला. आई, तानाबाई, दबक्या आवाजात बोलली.

"कोन?"

"आये, मी हाय."

"मी म्हंजी कोन?"

"धनाजी."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"हळू बोल बाबा. धनाजी दुपारीच आलाय. जेवला, आन् आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उटला की सांगते. कुनाचा फोन हुता म्हनून सांगू?"