धुक्यातून ओ आली

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगतो.

भुताटकी म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, घुबड लागतं. माझ्याबाबतीत जे घडलं ते दुपारी घडलं. पोटात गरम चहा होता, अंगात स्वेटर होता आणि सोबत तीन माणसं होती. त्यातल्या दोघांना विचारा, ते शपथेवर सांगतील.

तिसऱ्याला मात्र विचारू नका.

मी सभा-समारंभांना स्पीकर आणि माइक पुरवतो. आवाज हा माझा धंदा आहे. कुठल्या हॉलमध्ये आवाज घुमतो, कुठल्या भिंतीवरून परत येतो, हे मला टाळी वाजवून कळतं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे कुणी म्हणेल, तुला प्रतिध्वनी ऐकू आला असेल, म्हणून सांगतोय.

प्रतिध्वनी तुमचेच शब्द तुम्हाला परत देतो.

तो उत्तर देत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभं आयुष्य त्याने मालट्रक चालवला. मग एक दिवस छातीत कळ आली, मोठं ऑपरेशन झालं आणि गाडी सुटली ती सुटलीच. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याने एकच धोशा लावला होता. यातून उठलो तर आई गेली होती त्या डोंगरावर जायचं.

आमची आई तरुणपणी त्या डोंगराची यात्रा करून आली होती. वर पद्मासनातली बुद्धांची मोठी दगडी मूर्ती आहे. खालपासून वरपर्यंत पायवाट, वळणावळणाला छोटे स्तूप आणि अर्ध्यावर एक विहार. एका बाजूला डोंगराचा कडा आणि दुसऱ्या बाजूला... दुसऱ्या बाजूला काही नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. चढायचं ते सावकाश, आणि दर वळणाला बसायचं. बसल्याशिवाय पुढचं वळण नाही.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. गोळ्यांची पुडी माझ्या हातात कोंबली आणि हळूच म्हणाली, "यांना एकटं सोडू नका, भाऊजी. हे ऐकायचे नाहीत."

मी हो म्हटलं.

बरोबर आमचे दोन जुने मित्र होते. एक बोका. त्याची बेकरी आहे. पहाटे भट्टी लावतो आणि मग दिवसभर जिथे टेकेल तिथे झोपतो, म्हणून बोका. दुसरा कंपाउंडर. तो खरंच कंपाउंडर आहे, आणि गावजेवणालासुद्धा खिशात रक्तदाबाचं यंत्र घेऊन जाणाऱ्यांपैकी आहे. गोळ्यांची पुडी मी त्याच्याकडेच देऊन टाकली.

सकाळी चढायला लागलो तेव्हा लख्ख ऊन होतं. दादा खूश होता. त्याला खालच्या धर्मशाळेतून एक काठी मिळाली होती, टोकाला लोखंड बसवलेली. ती दगडावर टक् टक् वाजायची. दर वळणाला तो शहाण्या मुलासारखा बसायचा, कंपाउंडर त्याची नाडी बघायचा आणि बोका तेवढ्यात एक डुलकी काढायचा.

दुपारी विहारात पोचलो. तिथे एक म्हातारे भन्ते होते. त्यांनी बिनदुधाचा गरम चहा दिला आणि ते आत जाऊन डोळे मिटून बसले.

तेवढ्यात धुकं आलं.

आलं म्हणजे खालून चढत आलं. आधी खालची झाडं गेली. मग पायऱ्या गेल्या. मग अंगणातला ध्वज गेला... नुसती त्याची फडफड तेवढी राहिली.

कंपाउंडर कप विसळत होता. मी बोक्याला हलवून उठवलं. निघू या म्हणून वळून बघतो तर बाकावर दादा नाही.

विहाराच्या मागच्या अंगाला पत्र्याचं दार असलेली एक खोली होती. मला वाटलं, संडास असेल. तिकडे तोंड करून मी हाक मारली.



मग आतून खाकरल्याचा आवाज आला. दादा बोलण्याआधी नेहमी खाकरतो. इतकी वर्षं डिझेलचा धूर गिळल्यावर घसा दुसरं काय करणार?

"व्हा पुढं. मी येतोच."

आम्ही वर निघालो. मुद्दाम अगदी सावकाश. दोन पावलं टाकायची आणि थांबायचं. मागून टक् टक् यायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

धुकं इतकं दाट होतं की पुढे चालणारा बोका मला फक्त पाठीवरच्या पिशवीपुरता दिसत होता. मी सगळ्यात मागे होतो. थोड्या थोड्या वेळाने मी हाक मारायचो.

"दादा?"

आणि मागून...

"आहे रे."

वळण आलं. पुन्हा हाक मारली. पुन्हा तसंच खाकरणं, पुन्हा "आहे रे". बोक्याने मध्येच थट्टा केली की दादाची गाडी आज पहिल्या गिअरमध्येच आहे. आम्ही हसलो. मागूनही हसल्यासारखं वाटलं.

पुढच्या स्तूपापाशी आम्ही थांबलो. दादाला गाठू द्यायचं, बसवायचं, गोळी द्यायची, असं ठरवलं. थांबलो, थांबलो, आणि पुष्कळ वेळ थांबलो. टक् टक् चालूच होती.

आणि तिथे मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

जवळ येणारा आवाज मोठा होत जातो. नुसता मोठा नाही, तो उघडत जातो. आधी ठोका ऐकू येतो, मग पाय घासल्याचं, मग श्वास. हा आवाज पहिल्या वळणावर जेवढा होता तेवढाच आत्ताही होता. आम्ही चालत होतो तेव्हाही तेवढाच आणि आम्ही उभे होतो तेव्हाही तेवढाच.

जणू कुणीतरी जागच्या जागी काठी आपटत होतं.

मी हाक मारली. टक् टक् थांबली.

"दम लागलाय," दादा म्हणाला. "तू ये जरा."

कंपाउंडरने पटकन पुडीतली एक गोळी काढून मला दिली. तोही यायला निघाला होता, पण वाट अरुंद, तिघं तिघं कशाला, असं म्हणून मी त्याला थांबवलं. तुम्ही इथून हलू नका म्हणालो. आणि उतरायला लागलो.

वळणापाशी कुणी नव्हतं.

मी हाक मारली. ओ आली, पण पुढच्या वळणाच्या पलीकडून. मला वाटलं, धुक्यात अंतर कळत नाही. पुढचं वळण उतरलो.

तिथेही कुणी नव्हतं.

"कुठं आहेस?"

"इकडं," आवाज आला.

तो डावीकडून आला होता.

डावीकडे वाट नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग गेलास कशाला? अहो, भाऊ आहे तो माझा. त्याची छाती मधोमध उघडून पुन्हा शिवलेली मी बघितली आहे. पाय घसरून तो खाली कुठे अडकला असेल, यापलीकडे डोक्यात काही आलंच नाही. मी खाली बसलो आणि ओल्या गवतावरून बसल्याबसल्या सरकायला लागलो. हाताने झुडूप धरायचं आणि पाय पुढे टाकायचा.

"अजून थोडं," दादा म्हणाला. अगदी जवळून. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. "पाय अडकलाय. ये, ये."

मी पाय पुढे टाकला. टाच एका धोंड्याला लागली, धोंडा सुटला...

तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

मी झुडूप घट्ट धरलं. पाय लोंबकळत होता. खाली नुसतं पांढरं. आणि त्या पांढऱ्यातून, माझ्या पायाच्याही पुढून, जिथे माणूस उभा राहायला जमीनच नव्हती तिथून... खाकरल्याचा आवाज आला.

मग दादाच्या आवाजात, दादाच्याच त्या घोगऱ्या आवाजात ते बोललं,

"यांना एकटं सोडू नका, भाऊजी."

दादाने मला जन्मात कधी भाऊजी म्हटलेलं नाही. तो कसा म्हणेल? आणि ते वाक्य वहिनीचं होतं. घराच्या दारात, हळू आवाजात, फक्त मला सांगितलेलं. तेव्हा दादा गाडीत पुढे बसला होता.

मी ओ दिली नाही. तोंडच उघडलं नाही. पोटावर पालथा झालो आणि गुडघ्यांनी, कोपरांनी, दातांनीही म्हणा, वर सरकत राहिलो. खालून काही ओढत नव्हतं. काही धरत नव्हतं. फक्त मी जरा वर सरकलो की तो आवाज तेवढाच वर सरकायचा आणि पुन्हा म्हणायचा... भाऊजी.

वाटेवर आलो आणि धावत सुटलो.

स्तूपापाशी दोघं होते. माझे कपडे बघून कंपाउंडरने विचारलं, दादा कुठे? मी एवढंच म्हणालो की तो दादा नाही, वर चला. दोघांनी एक अक्षर विचारलं नाही. नंतर बोका म्हणाला की मी खाली गेलो तेव्हापासून त्या दोघांनाही ते खाकरणं ऐकू येत होतं. एकदा उजवीकडून. एकदा डोक्यावरच्या कड्यातून.

आम्ही चढत राहिलो. मागे टक् टक् होतीच.

कुणी हाक मारली नाही. तरी एकदा मागून आवाज आला, जरा दुखावल्यासारखा, "थांबा की रे."

बोका मोठ्याने "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणायला लागला. आम्हीही म्हणायला लागलो. बोका रडत होता आणि म्हणत होता.

माथ्यावर धुकं नव्हतं. आम्ही एकदम उन्हात आलो. समोर ती मूर्ती, शांत, डोळे अर्धे मिटलेले. आणि तिच्या पायाशी एक तरुण भिक्खू कुणालातरी वारा घालत होते.

तो दादा होता.

चेहरा राखेसारखा झालेला. ओठ निळे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कंपाउंडरने झडप घालून त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली, गुंड्या सोडल्या, पाठीला टेकू दिला. त्या गोळीचा परिणाम होईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. मी फक्त त्याचा हात धरून बसलो होतो.

हळूहळू ओठांना रंग आला. दादाने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि त्याने आपला हात सोडवून घेतला.

"किती पळवलंस रे," म्हणाला.

तो काय बोलतोय ते मला कळेना. मग थोडं थोडं करून त्याने सांगितलं.

विहारात आम्ही चहा पीत होतो तेव्हाच तो उठला होता. आपण हळू चालणारे, तर आधीच निघावं, मागून पोरं गाठतीलच, असा त्याचा विचार. भन्तेंना त्याने तसं सांगितलंही होतं. वाटेला लागला आणि धुकं आलं. तेव्हा तो बसणार होता.

पण पुढून मी हाक मारली.

दादाला वाटलं, धुक्यात आम्हीच त्याला ओलांडून पुढे गेलो असणार. मी म्हणत होतो, चल दादा, थोडंच राहिलंय. तो चालत राहिला. वळणाला टेकायला गेला तर मी ओरडलो, बसू नकोस. तो म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय रे. मी म्हणालो, डॉक्टरांना काय कळतं? छातीत चमका यायला लागल्या तरी मी थांबू दिलं नाही. लाडीगोडी लावली, मग रागावलो, मग हिणवलं. माथ्यावर येऊन तो कोसळेपर्यंत.

त्या वेळी मी खाली झुडूप धरून लोंबकळत होतो.

आम्ही पलीकडच्या गाडीरस्त्याने उतरलो. त्या वाटेने परत जायची कुणाचीच छाती नव्हती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की नशीब बलवत्तर, अजून एक वळण असतं तर कठीण होतं. कंपाउंडरने नंतर विहारात फोन लावला होता. भन्तेंनी सगळं ऐकून घेतलं. पत्र्याच्या दाराची ती खोली सरपणाची आहे, तिला बाहेरून कडी असते, एवढं त्यांनी सांगितलं. मग सगळे सुखरूप उतरलात ना, असं पुन्हा पुन्हा विचारलं.

दादा आता बरा आहे. आम्ही एकाच घरात राहतो, तो खाली, मी वर. बोका आणि कंपाउंडर दोघांनी त्याच्यासमोर बसून सांगितलं की हा आमच्याबरोबर मागे होता. दादा मान हलवतो. पटलं म्हणतो.

पण एकदा आम्ही दोघंच बसलो असताना तो म्हणाला, "आवाज तुझाच होता. मी तुला पाळण्यापासून ऐकतोय."

मग त्याने आवाज खाली आणला.

"शेवटच्या वळणावर तू जे बोललास ना, ते मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू काळजी करू नकोस."

मी काय बोललो, असं मी विचारलं. पुष्कळदा विचारलं. अगदी हात जोडले. तो माझ्या गुडघ्यावर थोपटतो आणि विषय बदलतो.

हल्ली मी जिन्यातून हाक मारली की तो ओ देत नाही. घरात असतो, जागा असतो, मला त्याच्या चपलांचा आवाज येतो. पण ओ देत नाही.

कालचीच गोष्ट. वहिनीने जेवायला वाढलं होतं, म्हणून मी त्याला हाक मारली. पुन्हा मारली. बऱ्याच वेळाने तो खोलीच्या दारात आला. चौकटीला धरून उभा राहिला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"आता बोल," म्हणाला. "तोंड हलताना दिसू दे."