जाडजूड वचन

"शगुफ्ता, तू आत्ता म्हणालीस, अल्लाच्या आठवणीनं कुत्र्यांना शांती मिळते!" फरहतआपा म्हणाल्या... आणि ओसरीबाहेर कुणीतरी फस्सकन हसलं.

दर रविवारी अंथुर्ण्यात आपांच्या ओसरीवर आम्ही बायका कुराणातल्या शब्दांचे अर्थ शिकायला जमायचो. अरबी वाचायला लहानपणीच शिकले होते. अर्थ मात्र कधी कुणी विचारलाच नव्हता. हृदय म्हणजे कल्ब, पण त्यातला क घशाच्या तळातून काढायचा. साधा क काढला, की झालं कुत्रं!

बाहेर आले, तर हसणारा मोटारसायकलला टेकून उभा. उन्हानं रापलेला, हातात हेल्मेट.

"लई हसू आलं व्हय?"

"माफ करा," तो गडबडला. "मीबी तेच म्हणलो हुतो. आईनं पाठीत धपाटा घातला."

ही आई म्हणजे आमच्या वर्गातल्या बेगमचाची. इथं शिकलेलं निरवांगीला घरी जाऊन मुलाला शिकवायच्या. तो अरफात, लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला. रविवारी आईला सोडायचा, न्यायचा.

"मग म्हणून दाखवा की," मी म्हटलं.

त्यानं घशातून क काढला—आणि ठसकाच लागला. आता हसायची पाळी माझी होती.

त्यानंतर चाचींना निघताना चप्पल सापडायला फार वेळ लागायला लागला. तेवढ्यात तो विचारायचा, "आज कुठला शब्द?"

"हक्क."

"हा तर आपलाच की!"

"हिसाब."

"त्योबी आपलाच."

"हद्द."

"आता मातर हद्द झाली!" तो डोळे मिचकावून म्हणायचा. मी ओढणीत तोंड लपवून हसायची. बारामतीच्या लॅबमध्ये आठवडाभर रक्ताच्या नळ्या हलवताना मला फक्त रविवार दिसायचा.

मग एका रविवारी माझ्याच्यानं हसवेना.

"बारामतीचं स्थळ आलंय," मी खाली बघत म्हटलं. "शुक्रवारी बघायला येणार हायत."

तो हेल्मेटचा पट्टा नुसता उलगडत, गुंडाळत राहिला. मग काहीतरी बोलला... पण नेमकी तेव्हाच रस्त्यावरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत चालली होती.

"काय?"

त्याचे ओठ पुन्हा हलले.

"काय म्हणताय? ऐकू न्हाय आलं!"

त्यानं सगळा जीव एकवटून ओरडून सांगितलं, "तुमी मला आवडताऽ!" आणि त्याच क्षणी ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं!

ओसरीवरच्या बायकांच्या माना एकदम वळल्या. अरफातचे कान लालभडक. बेगमचाची तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "चप्पल सापडली गं बाई!"

संध्याकाळपर्यंत ही खबर अब्बांच्या ट्रॅक्टर स्पेअरपार्टच्या दुकानात पोचली. ते घरी आले, पाणीसुद्धा न पिता बसले.

"खरं हाय?"

"व्हय, अब्बा. आन् मलाबी तो आवडतो."

"मी बारामतीवाल्यांना या म्हणलोय, पोरी. आता काय तोंड दाखवू?"

"अब्बा, कुराणात निकाहला काय म्हणलंय ठावं हाय? मीसाक. मीसाकन गलीजा."

ते दचकले. "गलीज? लग्नाला गलीज?"

मला हसू आवरेना. "आपल्याकडं गलीज म्हणजे घाण. अरबीत त्याचा अर्थ जाडजूड, मजबूत. मीसाक म्हणजे वचन. एवढं मजबूत वचन एकाला मनात ठिवून दुसऱ्याला कसं देऊ, अब्बा?"

त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"साठीला आलो," ते हळूच म्हणाले. "किती निकाहांत बसलो, हे कधी कुणी सांगितलं न्हाय." मग फोन उचलून त्यांनी बारामतीला लावला. दोनदा माफी मागितली, पलीकडचं बोलणं मुकाट ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि टोपी घालून उठले.

"कुठं निघालात?"

"निरवांगीला. पोराला जवळनं बघाय नगं?" दारात जाऊन ते वळले. "चल की! वचन तुला द्यायचंय, मी एकटा जाऊन काय करू?"

मी चपला हातात घेऊनच त्यांच्या मागं धावले.