गोटे डोंगर कसे चढले?

"या शिखरावर मानवी वावराचा एकही पुरावा नाही, खाण्याजोगे काहीच मिळत नसल्याने आदिवासी येथे कधी आलेच नाहीत." उद्यानाचे सल्लागार डॉ. हेडली क्रेन यांच्या अहवालातले हे वाक्य. त्याच्या बळावर रोपवेसाठी शिखरावरचे खडक उद्या सुरुंगाने उडणार होते. इथले आदिवासी, म्हणजे नगारिगो लोक, पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात तिथेच जमत, हे डॉक्टरांना कळले नव्हते. कारण त्यांनी एकाही नगारिगोला विचारले नव्हते!

"खाण्याजोगं नाही म्हणे!" बारा वर्षांची नगारिगो मुलगी टॅलिया शिखरावरच्या खडकाच्या फटीत डोकावली. आत बोगाँग जातीचे पतंगकिडे कौलांसारखे एकावर एक चिकटून बसले होते. "ब्रॉडी, भाजले की शेंगदाण्यासारखे लागतात!"

"असं? मग आधी तू खा!" तिचा मामेभाऊ मागे सरला.

टॅलियाने फटीत हात घातला. बाहेर आला तो गुळगुळीत, मध्ये खोलगट झिजलेला दगड!

"हा तर नदीतला गोटा! इथला खडक बघ, कसा खरखरीत आहे."

"मग नदी आली असेल डोंगर चढून!"

"नदी नाही रे, गाढवा! पतंग कुटायला आपल्या माणसांनी आणलाय. पण एकच? आंटी रोमा तर म्हणते, इथे ढीग होता."

ब्रॉडीने बोट दाखवले. गवतात जागोजागी पिवळट, ओलसर खळगे होते. तिथले दगड कुणीतरी नुकतेच उचलले होते!

दुपारी उद्यानाच्या कार्यालयात संचालकबाई आणि नगारिगोंच्या ज्येष्ठ आंटी रोमा यांच्यासमोर टॅलियाने गोटा ठेवला. तिथेच बसलेले डॉक्टर क्रेन हसले. "हा? एखाद्या पर्यटकाने टाकला असेल."

"असेल हं, सर," टॅलिया साखरेसारख्या गोड आवाजात म्हणाली. "मग पूर्वेच्या कड्याखाली असे ढीगभर गोटे सापडले, तर तेही पर्यटकांचेच म्हणायचे का?"

डॉक्टर उसळले. त्यांच्या तोंडून जे निघाले, ते ऐकताच संचालकबाईंनी सुरुंगाचे काम रद्द केले. आंटी रोमाने टॅलियाला जवळ ओढले. "शाब्बास गं पोरी! आणि तूही, ब्रॉड्या! डोंगर राखलात आपला!"

संतापलेल्या विद्वानाचे ते शब्द, कानामात्रेचाही फरक न करता, असे:

"काहीतरी बरळू नकोस, कार्टे! पूर्वेला सापडतीलच कसे? सगळेच्या सगळे मी स्वतः पश्चिमेच्या कड्यावरून ढकलून दिलेत!"