ताईचा अर्धा कागद

मी शिवणकाम करणारी बाई. कापड मोजून द्यावं तसं हे सांगतेय, एक इंचही वाढवलेलं नाही. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

मागच्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे दोन. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मी डबा उघडला होता. वीज गेलेली. मशीन बंद, पंखा बंद.

आणि कात्रीच्या खणातून आवाज आला...

खर्र... खर्र...

कागदावर निब दाबून लिहिल्याचा.

इतकं दाबून लिहिणारी एकच बाई मला माहीत होती. माझी ताई.

तिला जाऊन दोन महिने झाले होते.

आधी आमची पद्धत सांगते. ताई लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून आमचं पत्र एकाच कागदावर. वरचा अर्धा तिचा, खालचा कोरा माझ्यासाठी. तिथे उत्तर लिहून मी तोच कागद परत धाडायचा. वीस वर्षं हे चाललं.

मग फोन आले. मी म्हटलं, "ताई, कशाला बोटं दुखवतेस? फोन कर की."

"फोनवर मी 'बरी आहे' एवढंच म्हणते गं. लिहायला बसले की मलाच कळतं, मला काय होतंय ते. आणि तुझं अक्षर बघितलं की तू शेजारी येऊन बसल्यासारखी वाटतेस."

"माझं अक्षर? कोंबडीचे पाय!"

"म्हणून तर. खोटं लिहितेस तेव्हा ते आणखी तिरकं होतं, ठमे. लगेच कळतं."

मी हसण्यावारी नेलं. तिची पत्रं मात्र येतच राहिली.

तिचं शेवटचं पत्र डिसेंबरात आलं. दुकानात गर्दी. नंतर वाचू म्हणून मशीनवर उघडून ठेवलं. एका गिऱ्हाइकाची मापं घ्यायची होती, वही सापडेना... मी पत्राचा खालचा कोरा भाग कात्रीने कापला आणि त्यावर लिहिलं. छाती अडतीस, बाही चोवीस.

वरचा भाग चिंध्यांत पडला. आठवण झाली तेव्हा कचऱ्याची गाडी निघून गेली होती.

एक ओळही वाचली नव्हती मी.

तीन आठवड्यांत ताई गेली. सहा महिने दुखणं अंगावर काढत होती म्हणे. भावोजी म्हणाले, "तुला लिहिलं होतं ना तिने सगळं?"

मी "हो" म्हटलं.

घरी आल्यावर राहवेना. मी ताईला पत्र लिहिलं. सवयीने खालचा भाग कोरा सोडला. धाडणार कुठे? कात्रीच्या खणात ठेवलं.

त्या मंगळवारी मी तोच खण उघडला...

कागद तसाच. खालचा भाग कोरा.

पण बोट फिरवलं, तर खाचा लागल्या.

कापडावर खुणा करायचा निळा खडू मी कागदावर आडवा घासला. अक्षरं उमटली. ताईचीच...

"वाचलंस का गं, ठमे?"

भीती वाटली, पण त्याहून जास्त रडू आलं.

नव्या कागदावर उत्तर लिहिलं. दुकानाचं लिहिलं, गुडघ्याचं लिहिलं. ते एक सोडून सगळं. लिहिता लिहिता इतकं हलकं वाटलं, की ती होती तेव्हा असं मोकळं का नाही लिहिलं मी?

खालचा भाग कोरा सोडून कागद खणात ठेवला. दुसऱ्या दुपारी पुन्हा खर्र... खर्र... खडू घासला. तोच प्रश्न.

असं नऊ दिवस चाललं. "हो" लिहावं, तर अक्षर चुगली करणार.

दहाव्या दिवशी खरं लिहिलं. "ताई, नाही वाचलं. तुझं पत्र मी कापलं. काय लिहिलं होतंस गं?" कागद खणात ठेवून कुलूप घातलं. कात्री घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दुपारी आवाज आला. लिहिण्याचा नव्हता.

कच्... कच्...

कुलूप उघडलं. माझा वरचा भाग खणात होता. खालचा कोरा भाग नव्हता. सरळ रेषेत कापलेला.

कात्री माझ्या पिशवीत होती.

वर्ष झालं. आवाज पुन्हा आला नाही. ती रागावून गेली, की उत्तर लिहायला कागद घेऊन गेली, मला खरंच कळत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी हातातलं काम टाकून दारात जाते. तोही आता लांबूनच मान हलवतो.