शेवटच्या कॅनचं दूध

मामांच्या ओट्यावर तीन छोटे बोर्ड मांडले होते आणि त्यांच्यावरून भावाबहिणीची चांगलीच जुंपली होती.

केडगावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी ते बोर्ड आठवीतल्या निकिताला दिवाळीच्या सुट्टीपुरते दिले होते. एखाद्या जागेचं तापमान आपलं आपण टिपून ठेवणारं यंत्र बनवायचं, तेही कमीत कमी खर्चात. तिन्हींतला कोणता बोर्ड निवडला आणि का, हे सुट्टीनंतर वर्गात सांगायचं होतं. सुट्टी पारनेर तालुक्यातल्या मामांच्या वस्तीवर. त्यामुळे हाताखाली माणसं होती आणि सल्ल्यांना तर तोटाच नव्हता.

"वाय-फायवाला घे गं," सहावीतला तिचा भाऊ ओंकार म्हणाला. "आकडे थेट मोबाईलवर येतील."

"वाय-फाय कुठनं आनतो?" मामांच्या अमृतने विचारलं. तो निकिताच्याच वयाचा. "हितं साधा फोन लावायचा तर पान्याच्या टाकीवर चढावं लागतंय."

शिवाय तो बोर्ड सेल भराभर खातो, हे निकिताला ठाऊक होतं. दुसरा होता आर्डुइनो. त्याच्यावरच ती सगळं शिकली होती, म्हणून तिचा जीव त्याच्यावर. पण रात्रभराचे आकडे साठवायचे तर त्याला वेगळं कार्ड जोडावं लागणार, म्हणजे खर्च वाढणार. राहिला तिसरा, पिको. तिन्हींत स्वस्त, तीन सेलवर आरामात चालणारा आणि हजारो आकडे स्वतःच्याच पोटात ठेवणारा. खोट एकच. सुरू केल्यापासून किती मिनिटं झाली एवढंच तो मोजायचा, आणि सेल काढले की ती मिनिटं विसरून पुन्हा शून्यापासून लागायचा. घड्याळात किती वाजले, याचा त्याला पत्ताच नसायचा.

"म्हंजी आपला ओंकारच की," अमृत म्हणाला. ओंकारने त्याला उशी फेकून मारली. निकिताने जड मनाने आर्डुइनो डब्यात ठेवला आणि पिको उचलला.

आता मोजायचं काय, एवढाच प्रश्न उरला. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटला.

वस्तीवरच्या मारुतीच्या देवळाला लागून दूध संकलनाची खोली होती. तिचा सगळा कारभार मामा, म्हणजे काकासाहेब, बघायचे. संध्याकाळी सगळ्यांचं दूध कॅनमध्ये भरायचं, कॅन कूलरच्या गार पाण्यात उभे करायचे आणि सकाळी टेम्पोत चढवायचे. त्या सकाळी टेम्पोवाल्याने शेवटच्या कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. दूध नासलं होतं. दसऱ्यापासून हे अधूनमधून होत होतं, आणि दर वेळी नासायचा तो शेवटचाच कॅन.

शेवटचं दूध असायचं झुंबरआजीचं. ओढ्यापलीकडे एकटी राहणारी ही म्हातारी चालत येईपर्यंत बाकीचे दूध घालून घरी गेलेले असायचे. तिच्या दारात एकच गाय होती आणि त्या दुधावरच तिचं घर चालत होतं.

"मावशी, भांडं नीट घासत जा," सकाळचं दूध घेऊन ती आली तशी मामा सगळ्यांदेखत म्हणाले. "पुन्हा नासलं तर तुमचं दूध घेनं बंद करावं लागंल."

"घासते की रं बाबा," आजी एवढंच म्हणाली. तिने पदराने भांडं उगाचच पुसलं आणि खाली मान घालून ती चालू लागली. मामा एरवी निकिताचे लाडके, पण त्या घडीला तिला त्यांचा मनापासून राग आला.

"दूध नासायला भांडंच कशाला लागतं?" ती भावांना म्हणाली. "गार राहिलं नाही तरी नासतंच. आपण कूलर मोजू."

त्याच संध्याकाळी तिघं कामाला लागले. लांब वायरची, तापमान मोजणारी स्टीलची कांडी कूलरच्या पाण्यात सोडली आणि पिको प्लॅस्टिकच्या डब्यात घालून भिंतीवरच्या फळीवर ठेवला. देवळात हरिपाठाचा पहिला टाळ वाजताच निकिताने सेल बसवले. टाळ म्हणजे शून्य, मग पुढची मिनिटं मोजायला घड्याळ कशाला हवं? मामा हसून म्हणाले, खेळा काय खेळायचं ते, फक्त दुधात काही पाडू नका.

पहिल्या रात्री काही विशेष घडलं नाही. वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर निकिताने आकड्यांची रेघ काढली. हरिपाठाच्या आणि पहाटेच्या काकड्याच्या वेळी ती जराशी वर गेली होती, बाकी रात्रभर खालीच राहिली. त्या दिवशी दूधही छान होतं.

दुसऱ्या रात्रीनंतर मात्र शेवटचा कॅन पुन्हा नासला. मामांनी निरोप धाडला, आजपासून झुंबरमावशींनी दूध आणू नये.

तिघांनी लॅपटॉपवर डोकी घातली. या वेळी टाळ वाजल्यापासून रेघ वर चढली ती चढतच गेली. ती उतरायला लागली थेट पहाटेचा काकडा संपल्यावर.

"रातभर कूलर बंदच हुता," अमृत हळू आवाजात म्हणाला.

"आणि आधी भरलेले कॅन तोवर गार झाले होते," निकिता म्हणाली. "झुंबरआजीचं दूध हरिपाठाच्या तोंडावर नुकतंच पडलेलं, कोमट. म्हणून तेच नासतं. आजीचा काही दोष नाही रे."

तिघं मामांकडे गेले. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. देवळातला विजेचा बोर्ड दसऱ्यातच जळाला होता. म्हणून हरिपाठाला ते कूलरची पिन काढून तिथे भजनाच्या अँप्लिफायरची वायर लावत, पण ती घटकाभरच. शेतात लाईट आली तर त्यांना पाणी द्यायला मध्येच पळावं लागे. तेव्हा पेटी वाजवणाऱ्या गोरक्षमामांना सांगूनच ते जात.

गोरक्षमामा तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "काकासाहेब सांगत्यात आन् मी करतो. एक दिस चुकलो न्हाई."

दोघंही खरं बोलत होते, हे तोंडावरूनच कळत होतं. मग खोटं कोण? ओंकारच्या मते कूलरच. निकिता म्हणाली, आपण लपून बघू.

त्या संध्याकाळी तिघं कूलरच्या खोलीत पोत्यांमागे दडून बसले. हरिपाठ रंगात आला आणि शेतातली लाईटही आली. मामा धोतर सावरत भजनातून उठले आणि बाहेर पडून देवळाच्या खिडकीतून ओरडले, "गोरक्ष, मशीन लावून ठेव रं."

"व्हय जी."

हरिपाठ संपल्यावर गोरक्षमामा खोलीत आले. त्यांनी भजनाचा अँप्लिफायर फडक्याने पुसला, वायर गुंडाळली आणि सगळं कपाटात अगदी देवासारखं नीट लावून ठेवलं. कपाटाला कडी घालून ते समाधानाने घरी निघून गेले. कूलरची पिन तशीच लोंबकळत राहिली.

ओंकारने तोंड दाबून धरलं, तरी हसू फुटलंच. भजनी मंडळींत त्या डब्याला मशीनच म्हणत. मामांच्या डोक्यात मशीन म्हणजे कूलर, तो चालू करून ठेवायचा. गोरक्षमामांच्या डोक्यात मशीन म्हणजे अँप्लिफायर, तो घासलेल्या भांड्यांसारखा जागच्या जागी लावून ठेवायचा. पहाटे काकड्याला गोरक्षमामाच तो पुन्हा जोडत, आणि काकडा संपला की मामा स्वतः कूलरची पिन घालत. त्यामुळे ही पिन रात्रभर लोंबकळत होती, हे मामांना कधी कळलंच नव्हतं.

अमृत शेताकडे धावला. मामा चिखलाच्या पायांनीच आले. त्यांनी लोंबणारी पिन बघितली, कपाट उघडून बघितलं आणि पिको फळीवरून काढून निकिताच्या हातात दिला.

"म्हातारीला नाही नाही ते बोललो मी," ते म्हणाले. "तेबी चारचौघांत."

त्यांनी पिन बसवली आणि एक रिकामा कॅन उचलून ते ओढ्याच्या वाटेला लागले. मुलं मागोमाग निघाली. झुंबरआजी दारातच बसली होती. संध्याकाळचं दूध तिच्या शेजारी तसंच झाकून ठेवलेलं होतं.

"मावशी, चूक माझी हुती," मामा म्हणाले. "भांडं तुमचं चांगलंच हाय. दूध न्यायला आलोय. उद्या टेम्पोपुढं सगळ्यांना सांगतो."

आजीने त्यांच्या हातातला कॅन घेतला, झाकण काढलं आणि वास घेतला.

"हा धुवून आन आदी," ती म्हणाली. "असल्यात माझं दूध घालू व्हय?"

मामा निमूटपणे हौदाकडे गेले आणि कॅन खसाखसा घासू लागले. तेवढ्यात आजीने मुलांना जवळ बसवून घेतलं आणि झाल्या प्रकाराची सगळी हकिकत विचारली. पिको तिने तळहातावर घेऊन नीट निरखला.

"वस्तीवर मानसं लई हायेत," ती म्हणाली. "पन म्हातारी खरं बोलती का, ते बघावं असं तुमालाच वाटलं, पोरांनो." आणि तिने निकिताच्या डोक्यावरून हात फिरवला. निकिता तिला चिकटून बसली.

मामा धुतलेला कॅन घेऊन आले. आजीने पुन्हा वास घेतला, मान हलवली आणि आपल्या हाताने दूध ओतलं.