पोच

बोरटेक दारूगोळा भांडारात रोज सकाळी दहाला सगळे टेबलफोन एकदम वाजत. इंटरनेटवर चालणारे हे फोन गेल्या वर्षी बसले होते आणि प्रत्येकाच्या अंगाला एक घ्राणपट्टी होती. जुनी दारू आतल्या आत तापायला लागली की तिची वाफ माणसाच्या नाकाआधी या पट्टीला कळायची. मग फोन कुणाची परवानगी न मागता भांडारभर ओरडायचा : "शेड अमुक. धोका. बाहेर पडा. पोच द्या." सकाळचा तो नुसता सराव. यंत्र कुणा शहाण्यानेच बनवलं होतं, यात शंका नाही. शहाणपणाची माती झाली ती पुढे.

प्रमिला वाघचौरे इथल्या टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर. तिच्यासमोरच्या फलकावर तीनशे दहा माणसांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक लाल दिवा. पोच आली की तो हिरवा व्हायचा. सुरुवातीला पोच म्हणजे साधं बटण होतं. एकच माणूस सगळ्यांच्या वतीने ते दाबून चहाला जातो, हे वरच्यांच्या लक्षात आलं आणि बटणाच्या जागी अंगठा आला. ज्याचा त्याने द्यायचा, तोही शेडमधल्या एकुलत्या एका फोनवर. मग रांग आली. रांग आली म्हणजे सीनियॉरिटी आली. आग लागलेल्या घरात हजेरी घ्यायचा हा प्रकार, पण तो कुणालाच विचित्र वाटला नाही. प्रमिलालाही नाही. मागच्या महिन्यात सरावाच्या वेळी शेड सातमधल्या दोन हमालांनी अंगठा न देताच धूम ठोकली, तेव्हा तिने अहवालात इमानेइतबारे 'बारापैकी दहा' लिहिलं. शेडची क्लार्क अनिता खिल्लारे हिला त्याबद्दल मेमो मिळाला.

बुधवारी दुपारी तीनला फोन वाजले तेव्हा सराव नव्हता. फोन ओरडत होता, "शेड सात. धोका."

प्रशासन बघणारे कर्नल सरपोतदार धावतच एक्स्चेंजमध्ये आले. शेड सातचे दिवे एकामागून एक हिरवे होत होते.

"पन्नास सेकंदांत दहा! शाब्बास," ते म्हणाले.

प्रमिलाही मान डोलावणार होती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. हिरवा होणारा प्रत्येक दिवा म्हणजे त्या क्षणी फोनपाशी, म्हणजे आत, उभा असलेला माणूस. तिने झडप घालून शेड सातचा फोन लावला.

"अनिता, आधी बाहेर हो!"

"दोघंच राहिलोय ताई. मी आणि काशिनाथमामा." अनिता खोकत होती. "मामांचा अंगठा घेतच नाहीये. खोकी उचलून उचलून रेषाच पुसल्यात त्यांच्या."

"खड्ड्यात गेला अंगठा! पळा दोघं!"

"मागच्या वेळी मेमो मिळाला ना मला. थांबा, त्यांचा हात पुसून देते. मामा, दाबा. जोरात दाबा. हां, झालं बघा."

काशिनाथचा दिवा हिरवा झाला. मग अनिताचा. आणि मग एक्स्चेंजच्या खिडक्यांची तावदानं फुटून आत पडली.

चौकशीचा अहवाल नवव्या दिवशी आला. यंत्रणा पूर्णपणे यशस्वी. बारापैकी बारा पोच प्राप्त. शिफारस : झिजलेल्या अंगठ्यांसाठी अधिक चांगला ठसावाचक बसवावा. दोन मृत्यूंचा उल्लेख तिसऱ्या पानावर होता, छपराच्या नुकसानीखाली.

"ते दोघं कशाने गेले, हे यात कुठंय, साहेब?" प्रमिलाने कर्नल सरपोतदारांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं.

"स्फोटाने गेले, मॅडम. आणखी कशाने?"

"बाकीचे दहा जण सुखरूप आहेत. दारापर्यंत पंधरा पावलंसुद्धा नव्हती. तुमच्या अंगठ्यापायी थांबले ते!"

"मग पोच घ्यायचीच नाही? बाहेर कोण आलं ते कळणार कसं आम्हाला?"

"बाहेर मैदानात उभं राहून मोजा की! एवढीही पोच नाही का तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. "आणि मला तरी कुठे होती? तिला मेमो मिळाला तो माझ्या अहवालामुळे."

कर्नलांनी स्क्रीन तिच्यापुढे सरकवला. "पुढच्या आठवड्यात हीच यंत्रणा बाकीच्या भांडारांत जातेय. अहवाल वाचल्याचा अंगठा द्या इथे."

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती उठून गेली. तिला त्यांचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिने सरावाची ध्वनिफीत थांबवली आणि 'सर्वांना' हे बटण दाबलं.

"मी प्रमिला वाघचौरे बोलतेय. यापुढे धोक्याचा फोन वाजला की अंगठा द्यायचा नाही. रांग लावायची नाही, साहेबांसाठी थांबायचं नाही, सरळ दाराकडे पळायचं. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. अनिता आणि काशिनाथमामा पोच देता देता मेले. ऐकताय ना? पोच देऊ नका!"

कोणतीही सूचना संपली की फोन आपोआप पोच मागायचा. याही वेळी त्याने मागितली.

पहिला दिवा आस्थापना विभागाच्या हेडक्लार्कचा हिरवा झाला. मग शेड दोन, मग शेड पाच. शेड सातमधून वाचलेले, आता शेड नऊमध्ये बसवलेले दहा जण, तेही ओळीने, सीनियॉरिटीप्रमाणे. "अरे, नको म्हणतेय ना मी!" प्रमिला रिकाम्या खोलीत ओरडली. फलकावर हात आपटून तिचा तळवा लाल झाला, तरी दिवे हिरवे होतच राहिले.

मिनिटभरात फलक स्थिरावला. तीनशे पाच हिरवे. तीन लाल. उरलेली दोन नावं आता फलकावर नव्हतीच.

जिन्यात बुटांचे आवाज वाजू लागले होते. रजेची वही तिच्या हाताशीच पडली होती, पण ती उघडायचा धीर तिला होईना. या तिघांनी तिचं खरंच ऐकलं होतं, की तिघेही आज कामावरच आले नव्हते?